मूल स्वतःच्या डोळ्यांना इजा करतं तेव्हा

हात धरून ठेवण्याआधी कारण शोधा. डोळ्यात बोट खुपसणं, मुठीने दाबणं आणि गालावर-कपाळावर मारून घेणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या) आजाराने कमी दिसणारी मुलं डोळा दाबतात, कारण दाबल्यावर प्रकाशाचे ठिपके दिसतात. अशा मुलाला रागावून काय मिळणार? त्याच्या हाताला काम द्या, चमकणारं किंवा थरथरणारं खेळणं द्या. अचानक सुरू झालेलं मारून घेणं मात्र बरेचदा दुखण्यामुळे असतं. कान, दात, पोट, ॲलर्जीची खाज आधी तपासून घ्या. बोलता न येणारं मूल दुसरं कसं सांगणार!

दोन आठवडे वही ठेवा: वेळ, आधी काय घडलं, नंतर आपण काय केलं. काम टाळायला मारून घेत असेल, तर ‘थांब’ची खूण किंवा चित्रकार्ड शिकवा आणि ते दाखवताच खरोखर थांबा.

नखं कापून कानशीने घासा. चष्मा पॉलिकार्बोनेटचा, मागे इलॅस्टिक पट्टा असलेला हवा. काच फुटून डोळ्यात जाते. कोपराच्या पट्ट्या (हात वाकू न देणाऱ्या) थेरपिस्टच्या सल्ल्यानेच, थोडा वेळ. काढून त्वचा पाहा. कायम बांधल्या तर सांधे आखडतात.

वारंवार मारामुळे मोतीबिंदू होतो, पडदा सुटतो, आणि मूल सांगत नाही. म्हणून डोळ्याची बाहुली मोठी करून नियमित तपासणी हवीच. बाहुली पांढरी दिसली, डोळा मिटून ठेवला, एका बाजूच्या वस्तूंना धडकू लागलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.