हळदीच्या दुधाचा हिशेब

रायबाग, चिकोडी, अथणीकडं हळद पिकते, त्यामुळं आमवाताच्या पेशंटला रात्री हळदीचं दूध हे ठरलेलंच. प्यावं की, खुशाल. फक्त त्याच्या भरवशावर आमवाताचं मेथोट्रेक्सेट हे औषध सोडू नये.

चमचाभर पूड म्हणजे साधारण 3 ग्रॅम. त्यात कुरकुमिन, म्हणजे हळदीतलं गुणकारी द्रव्य, शेकडा 3 च्या आसपास, म्हणजे जेमतेम 90 मिलिग्रॅम. जपानमध्ये 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार) शमलेले 89 जण होते. निम्म्यांना नेहमीच्या गोळ्यांसोबत रोज 2 ग्रॅम कुरकुमिन दिलं. सहा महिन्यांत त्यांच्यातल्या शेकडा 5 पेक्षा कमी जणांचा आजार पुन्हा उसळला. नुसत्या गोळ्यांवर असलेल्यांत शेकडा 20. तेवढं कुरकुमिन पुडीतून घ्यायचं तर दिवसाला बावीस चमचे!

आतड्याच्या अस्तराला कुरकुमिन थेट लागतं. सांध्यापर्यंत जायचं तर रक्तात उतरायला हवं, आणि तिथंच ते कमी पडतं. म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपेरिन घालतात. 20 मिलिग्रॅम पायपेरिननं रक्तातलं प्रमाण सुमारे वीसपट वाढल्याचं 1998 मध्ये दिसलं. पण हेच पायपेरिन यकृताचं औषधं निकामी करायचं काम मंदावतं. फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर या कॅप्सूलच्या वाटेला जाऊच नये, रक्तस्रावाची भीती असते. अशा कॅप्सूलनं यकृताला सूज आलेले रुग्णही नोंदले गेलेत. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, की कॅप्सूल बंद करून त्याच दिवशी एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी करायची. मेथोट्रेक्सेटही यकृतालाच त्रास देतं, त्यामुळं दोन्ही चालू असली की दोष कुणाचा हे डॉक्टरलाही लवकर उमगत नाही.

गुळवेलीचं आणखी वेगळं. ‘प्रतिकारशक्ती वाढते’ म्हणून काढा घेतात. पण आमवातात, ल्युपसमध्ये प्रतिकारशक्तीच स्वतःच्या अंगावर उठलेली असते, तिला आणखी डिवचायचं कशाला? 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताची सूज नोंदवली. वनस्पती नीट ओळखलीच नव्हती, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. तो धरला तरी बांधावरची वेल नेमकी कुठली, हा प्रश्न आपल्यालाही आहेच.

आणि कळलावीची वेल. तिच्यातलं कोल्चिसिन हे द्रव्य गाउटवर (युरिक अ‍ॅसिडमुळं होणाऱ्या सांधेदुखीवर) खरंच चालतं, 0.5 मिलिग्रॅमच्या गोळीत. कंदात ते किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही, आणि कंद खाऊन माणसं दगावली आहेत.