एम्ब्रियोचा कागद हातात येईपर्यंत : माझा अनुभव

आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) केंद्रातून बाहेर पडताना हातात जाडजूड फाइल येते. रक्ताचे रिपोर्ट, पावत्या, संमतीपत्रांच्या झेरॉक्स, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं असतं. नसतो तो एम्ब्रियोचा, म्हणजे लॅबमध्ये तयार झालेल्या भ्रूणाचा, कागद. स्त्रीबीज कोणत्या तारखेला काढलं, एम्ब्रियो कितव्या दिवशी गोठवला, कधी गर्भाशयात सोडला आणि त्याची ग्रेड (प्रत) काय होती, हे एका पानावर सही-शिक्क्यासह लिहिलेला कागद. पुण्यातल्या ज्या केंद्रात माझी ट्रीटमेंट झाली, तिथे इंजेक्शनं, बीज काढणं, ट्रान्सफर (एम्ब्रियो गर्भाशयात सोडणं) हे सगळं वेळच्या वेळी आणि नीट झालं. अडलं ते या एका पानावर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ होती : चांगल्या प्रतीचा एम्ब्रियो ट्रान्सफर केला. एम्ब्रियो ताजा की गोठवलेला, तीन दिवसांचा की पाच दिवसांचा, यातलं काहीच नाही. कार्डाखाली जी तारीख होती ती बिलाची.

रिसेप्शनवर विचारलं तर उत्तर मिळालं की ही लॅबची अंतर्गत नोंद असते, पेशंटला देत नाहीत. कौन्सेलर म्हणाल्या, एम्ब्रियोचा फोटो दिलाय ना! फोटोवर ना तारीख, ना वेळ, ना ग्रेड. डॉक्टरांना विचारावं तर ते म्हणतात एम्ब्रियॉलॉजिस्ट (लॅबमध्ये एम्ब्रियो सांभाळणारे तज्ज्ञ) देतील, आणि एम्ब्रियॉलॉजिस्ट पेशंटला भेटत नाहीत. मग सर्वांत चीड आणणारं वाक्य येतं : ‘तुम्हाला कशाला हवंय? प्रेग्नन्सी राहिली ना, आता फक्त आनंदात राहा.’

आनंदात राहण्यासाठीच तो कागद लागतो. आपल्याकडे आयव्हीएफ एका ठिकाणी होतं आणि बाळंतपण दुसरीकडे. केंद्र डेक्कनला, नाव घातलेलं हडपसरला किंवा चिंचवडला, नाहीतर सातव्या महिन्यानंतर माहेरी बारामतीला, साताऱ्याला. तिथल्या डॉक्टरांना आपला एम्ब्रियो माहीत नसतो. त्यांच्यासमोर फक्त पाळीची तारीख असते, आणि आयव्हीएफमध्ये हीच तारीख फसवते.

कशी ते सांगते. गोठवलेल्या एम्ब्रियोसाठी गर्भाशयाचं अस्तर हार्मोनच्या गोळ्यांवर तयार करतात. समजा पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेन सुरू केलं आणि अस्तर हवं तेवढं जाड व्हायला वीस दिवस लागले. बाविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन सुरू झालं आणि प्रोजेस्टेरॉनच्या सहाव्या दिवशी, म्हणजे पाळीच्या सत्ताविसाव्या दिवशी, ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच दिवस वाढलेला एम्ब्रियो, सोडला. पाळीवरून मोजलं तर त्या दिवशी गर्भ 3 आठवडे 5 दिवसांचा होतो. खरं वय मात्र 2 आठवडे 5 दिवस : एम्ब्रियोचे पाच दिवस, अधिक गरोदरपण पाळीपासून मोजतात म्हणून धरले जाणारे दोन आठवडे. इथेच पूर्ण एक आठवड्याची तफावत पडली.

पुढे आठव्या महिन्यात सोनोग्राफी होते आणि ‘बाळ एक आठवडा मागे आहे, वाढ कमी आहे’ असा शेरा येतो. शेवटच्या दोन महिन्यांत बाळ आठवड्याला साधारण दोनशे ग्रॅम वाढतं, त्यामुळे आठवडाभराची चूक थेट वजनाच्या तक्त्यावर दिसते. मग डॉपलर (बाळाचा रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी), स्टिरॉइडची इंजेक्शनं आणि 37 आठवडे झाले म्हणून कळा आणण्याची घाई. त्या दिवशी खरे भरलेले असतात 36. बाळ लहान भरतं ते आठवडाभर आधी बाहेर काढल्यामुळे, आणि घरात ठपका येतो एम्ब्रियोवर. सुरुवातीच्या महिन्यांत झालेली सोनोग्राफी ही चूक पकडू शकते, पण कार्डावर आधी लिहिलेली तारीख खोडून नवी लिहिण्याचे कष्ट कोणीतरी घ्यावे लागतात.

म्हणून आयव्हीएफच्या गरोदरपणात ड्यू डेट ट्रान्सफरच्या तारखेवरूनच काढायची असते. एम्ब्रियो पाच दिवसांचा असेल तर ट्रान्सफरच्या तारखेत 261 दिवस मिळवायचे, तीन दिवसांचा असेल तर 263, सहा दिवसांचा असेल तर 260. ताज्या सायकलमध्ये, म्हणजे एम्ब्रियो न गोठवता सोडला असेल तर, बीज काढल्याच्या तारखेत 266 मिळवले की तेच उत्तर येतं. 10 जानेवारी 2025 ला पाच दिवसांचा ब्लास्टोसिस्ट सोडला असेल, तर ड्यू डेट 28 सप्टेंबर 2025. माता-बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीचा रकाना असतो. तिथे खरी पाळी न लिहिता ट्रान्सफरच्या तारखेतून 19 दिवस वजा करून येणारी तारीख लिहायला सांगा, या उदाहरणात 22 डिसेंबर 2024. तीन दिवसांचा एम्ब्रियो असेल तर 17 दिवस वजा करायचे. शेजारी ‘आयव्हीएफ, ट्रान्सफरवरून’ असंही लिहून घ्या, नाहीतर पुढची सिस्टर विचारून विचारून खरी पाळी पुन्हा लिहून टाकते.

एम्ब्रियोचा दिवस लेखी नसेल तर हे गणित मांडताच येत नाही. तोंडी सांगितलेलं ‘बहुतेक डे फाइव्ह’ कोणतेही डॉक्टर ड्यू डेट बदलायला पुरेसं मानणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

तोंडी मागून काही मिळत नाही, अर्जावर मिळतं. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा 2021 चा आहे आणि तो जानेवारी 2022 पासून लागू आहे. केंद्राने जोडप्याला केलेल्या प्रक्रियेचा तपशील देणारं डिस्चार्ज सर्टिफिकेट द्यावं, तक्रार निवारण कक्ष ठेवावा आणि नोंदी किमान दहा वर्षं जपाव्यात, हे त्या कायद्यात आहे. शिवाय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांनुसार पेशंटने मागितलेली वैद्यकीय कागदपत्रं 72 तासांत द्यावी लागतात. म्हणजे आपण मेहेरबानी मागत नसतो. अर्जात या दोन्हींचा उल्लेख केल्यावर ‘अंतर्गत नोंद’ हा शब्द पुन्हा ऐकू आला नाही.

अर्ज साधा, एका पानाचा असावा, पतीपत्नी दोघांच्या सह्यांचा. वर फाइल नंबर. खाली काय हवंय ते एकेक करून लिहा : बीज काढल्याची तारीख, किती बीजं निघाली आणि त्यातली पक्व किती, साधं आयव्हीएफ की इक्सी (शुक्राणू सुईने बीजात सोडणं), किती बीजांत फलन नीट झालं, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशीची ग्रेड, गोठवल्याची तारीख आणि एम्ब्रियोचा दिवस, वितळवल्यानंतरची स्थिती, ट्रान्सफरची तारीख, किती सोडले, किती शिल्लक. ‘संपूर्ण रिपोर्ट द्या’ असं मोघम लिहिलं की पुन्हा तीच एक ओळ टाइप करून देतात. दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज ई-मेलने पाठवा, तक्रार कक्षाचा पत्ताही त्यात घाला. कागद हातात आला की तिथेच उभं राहून तारखा ताडून पाहा. ट्रान्सफरची तारीख आपल्या औषधांच्या चिठ्ठीशी जुळली पाहिजे, आणि ताज्या सायकलमध्ये बीज काढण्यापासून ट्रान्सफरपर्यंतचे दिवस एम्ब्रियोच्या वयाइतकेच भरले पाहिजेत.

तो कागद मिळाला तेव्हा खरंच हायसं वाटलं. पण त्यातली ग्रेड वाचून नवी काळजी सुरू होते, म्हणून तेही लिहिते. ब्लास्टोसिस्टची ग्रेड ‘4एबी’ अशी असते. आकडा 1 ते 6, एम्ब्रियो किती फुगलाय आणि कवचातून बाहेर पडायला लागलाय का, हे सांगणारा. पहिलं अक्षर आतल्या पेशीपुंजाचं, ज्यातून बाळ होतं. दुसरं बाहेरच्या थराचं, ज्यातून वार तयार होते. तिसऱ्या दिवशीच्या एम्ब्रियोत आठच्या आसपास पेशी असाव्यात, त्या सारख्या आकाराच्या असाव्यात आणि पेशींचे सुटलेले तुकडे दहा टक्क्यांपेक्षा कमी असावेत, असं पाहतात. ही सगळी डोळ्यांनी केलेली पारख असते. एकच एम्ब्रियो एक तज्ज्ञ ए म्हणेल, दुसरा बी.

ग्रेड सांगते ती रुजण्याची शक्यता. बी किंवा सी ग्रेडचा एम्ब्रियो रुजण्याची शक्यता कमी असते. पण तो रुजला, वाढला, तर बाळ कमी वजनाचं होईल असं म्हणायला आधार नाही. एकच एम्ब्रियो सोडलेल्या गरोदरपणांच्या बहुतेक अभ्यासांत ग्रेड आणि जन्मवजन यांचा ठोस संबंध दिसलेला नाही. ‘सी ग्रेडचं होतं म्हणून सव्वादोन किलोचं झालं’ हे वाक्य कोणत्याही आईला ऐकवू नये.

वजनावर खरा परिणाम करतात त्या दुसऱ्या गोष्टी. सर्वांत मोठी, किती आठवडे भरले. त्यानंतर एक की जुळं. दोन एम्ब्रियो सोडले आणि दोन्ही रुजले, तर निम्म्याहून अधिक जुळी अडीच किलोच्या आत भरतात. अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजन, ही जागतिक आरोग्य संघटनेची मोजणी आहे. एम्ब्रियो चांगला आहे तर दोन सोडू या, असा आग्रह आपल्याकडे जोडपीच धरतात. चांगला असेल तर एकच सोडावा, हे मला ठामपणे वाटतं. सुरुवातीला दोन पिशव्या दिसून एक विरली असेल तर तेही प्रसूतीच्या डॉक्टरांना सांगा, राहिलेल्या बाळाचं वजन थोडं कमी राहू शकतं.

ताज्या ट्रान्सफरची बाळं सरासरीने किंचित हलकी भरतात, गोठवलेल्यांची किंचित जड. मात्र गोळ्यांवर अस्तर तयार केलेल्या गरोदरपणात आईचं बीपी वाढण्याचा धोका जास्त दिसतो, आणि वाढलेलं बीपी बाळाचं वजन खाऊन टाकतं. म्हणून ताजा की गोठवलेला आणि गोळ्यांवर की नैसर्गिक पाळीवर, हेही कागदावर असायला हवं. अर्जाच्या यादीत ते जोडा. एम्ब्रियो ज्या द्रवात वाढवतात त्याचाही परिणाम होतो : नेदरलँड्समधल्या 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वेगवेगळ्या द्रवांत वाढलेल्या एम्ब्रियोंच्या बाळांत सरासरी सुमारे दीडशे ग्रॅमचा फरक आला. त्यावर आपला काही ताबा नाही, पण एवढ्याशा फरकासाठी ग्रेडला दोष देत बसू नये, हे त्यातून कळतं.

वजनाची तुलना कोणाशी करायची हेही पाहा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास होती, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं अंगाने चांगली भरली होती. गोठवलेल्या एम्ब्रियोच्या ट्रान्सफरची तारीख ठरत असते त्या महिन्यांत असं खाणं आपल्या हातात असतं.

सोनोग्राफीतल्या अंदाजात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतात. अडीच किलो सांगितलेलं बाळ सव्वादोनचंही निघतं आणि पावणेतीनचंही. जन्मानंतरचं वजन उघड्या अंगाने, डिजिटल काट्यावर, शक्यतो पहिल्या तासात घेतलेलं धरा. पहिल्या काही दिवसांत ते सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं.

एक राहिलंच. एम्ब्रियो शिल्लक असतील तर ते कायद्याने दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, आणि प्रत्येकाचा दिवस, ग्रेड, गोठवल्याची तारीख वेगळी असते. ते दुसऱ्या केंद्रात हलवायचे असतील तर हीच नोंद पुन्हा लागते, म्हणून अर्ज करतानाच शिल्लक एम्ब्रियोंचा तपशीलही मागून घ्या. कागदाच्या तीन झेरॉक्स काढा : एक प्रसूतीच्या फाइलला, एक माता-बाल कार्डाच्या मागे, एक घरी. मूळ प्रत कोणालाही देऊ नका. फोनमध्ये फोटो ठेवाच, आणि पतीच्या फोनमध्येही, कारण ॲडमिट होताना आपला फोन बहुतेक वेळा आपल्या हातात नसतो.