आमची वाटचाल : सल्फाइटपासून डीहापर्यंत

बॉयलरच्या पाण्यातला ऑक्सिजन काढणारी केमिकल्स बनवणं हा आमचा धंदा. सुरुवात सोडियम सल्फाइटने झाली, आणि इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमधल्या (कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातल्या) 10 किलो दाबाच्या (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 10 किलो) बॉयलरला आजही तेच पुरतं. ऑक्सिजन बॉयलरची ट्यूब सगळीकडून सारखी खात नाही, एकेका जागी खड्डा पाडत आरपार जातो. सल्फाइट त्याला आधीच पकडतं आणि स्वतः सल्फेट होतं.

ऑर्डरआधी आम्ही फीड टाकीचं, म्हणजे बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीचं तापमान विचारतो, कारण पाणी जितकं गरम तितका ऑक्सिजन कमी. 25 अंशांना पाण्यात साधारण 8 पीपीएम (दहा लाख भागांत 8 भाग) ऑक्सिजन, 90 अंशांना जेमतेम दीड. ऑक्सिजनच्या एका भागाला शुद्ध सल्फाइट आठ भाग. म्हणजे हजार लिटरला थंड पाण्यात 64 ग्रॅम, गरम पाण्यात 12. शिवाय बॉयलरमध्ये 30 ते 50 पीपीएम सल्फाइट शिल्लक राहील इतकं जादा. कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन परत झालेलं गरम पाणी, गटारात सोडणाऱ्यांना आम्ही आधी ती लाइन टाकीला जोडायला सांगतो, म्हणजे टाकीतलं पाणी गरम राहतं. आमचा माल कमी खपतो, खपू दे.

थंड पाण्यात सल्फाइट रेंगाळतं, म्हणून त्यात चिमूटभर कोबाल्ट असतो. अटेंडंट त्याच ड्रममध्ये कॉस्टिक ओततो, कोबाल्ट तळाला बसतो आणि डोस फुकट जातो. झाकण उघडं राहिलं तर हवाच सल्फाइट संपवते. टेस्टचा नमुनाही कूलरमधून थंड करून, बाटली काठोकाठ भरून घ्यावा. गरम पाणी उघड्यावर ठेवलं की रीडिंग कमी येतं आणि उगाच डोस वाढवला जातो.

साखर कारखान्यांत कोजन (वाफेसोबत वीजही बनवणं) आलं, दाब 67, 87, 110 किलोवर गेले. तिथे सल्फाइट फुटून सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड होतो, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढतो तो वेगळाच. 40 किलोच्या वर आम्ही ते देत नाही. त्याऐवजी हायड्राझिन चालतं, ते ऑक्सिजनच्या एका भागाला एकच भाग लागतं, मागे नायट्रोजन आणि पाणीच उरतं. पण कॅन्सरचा संशय असलेलं ते द्रव्य कामगाराच्या हाती द्यायला नको. म्हणून कार्बोहायड्राझाइड, दीडपटीच्या आत भागतं. डीहा (डायइथाइल हायड्रॉक्सिलअमाइन) तिप्पट घालावं लागतं, पण ते वाफेबरोबर जाऊन कंडेन्सेट लाइनही गंजापासून राखतं. वाफ थेट अन्नाला लागत असेल तिथे एरिथॉर्बेट (व्हिटॅमिन सीच्या जातीचं द्रव्य), अकरा-बारा पट आणि महाग.

डोस डीएरेटरच्या (पाणी वाफेने तापवून त्यातला ऑक्सिजन बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या) साठवण टाकीत, पाण्याच्या पातळीखाली. केमिकलचा खप अचानक वाढल्याची तक्रार आली की आम्ही आधी डीएरेटरचा व्हेंट, म्हणजे ऑक्सिजन बाहेर सोडणारं तोंड बघतो. वाफ वाचवायला कुणीतरी तो बंद केलेला असतो आणि सुटलेला ऑक्सिजन आतच फिरत राहतो.