केळशीची वाळू, समची वाळू

कोकणातल्या आमच्या केळशीच्या वाळूच्या टेकडीवर मी फोटो काढायला शिकले. तिथली वाळू मर्यादवेलीने धरून ठेवलेली, पावसाळ्यात पायाखाली घट्ट. जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या समला पोचले तेव्हा वाटलं, वाळूच तर आहे.

पहिल्या दुपारचे सगळे फोटो सपाट आले. सूर्य डोक्यावर, सावली नाही. आणि सावलीशिवाय टेकडीला आकारच नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघाले. ऊन तिरपं आलं आणि वाऱ्याने काढलेली एकेक लहर उठून दिसली. वाऱ्याकडची बाजू सावकाश चढत जाते, आडोशाची मात्र ३४ अंशांच्या आसपास तीव्र. त्याहून उभी झाली की वाळू आपणहून घसरते. त्या दोन बाजूंमधली धार, एकीकडे सोनं, एकीकडे काळोख! मी अर्धा तास तिथेच बसले होते.

उजळ वाळूला कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट काढतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे प्रकाश दुप्पट आत घ्या. लेन्स तिथे अजिबात बदलू नका. आणि कृपा करून धारेवरून चालू नका, मागून येणाऱ्यालाही ती कोरी मिळायला हवी.

घरी आईने बॅग अंगणात झटकली. चिमूटभर वाळू बोटांत चोळून म्हणाली, "ही आपल्याकडची नव्हे गो."