कॅबिनेट बदलताना: स्टँडऑफ, कापसाची धूळ आणि अर्थिंग

मदरबोर्ड आठ-दहा वर्षं धडधाकट चालतो, पण पत्र्याचं कॅबिनेट त्याआधीच जीव टाकतं. पॉवरचं बटण आत रुततं, समोरचे यूएसबी ढिले होतात, खालचा पत्रा गंजतो. अशा वेळी आतला माल तोच ठेवून नुसतं कॅबिनेट बदलता येतं. पेचकस हातात धरायची सवय असेल तर दोन-अडीच तासांचं काम आहे.

पैसे मोजण्याआधी बोर्ड मोजा. एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटर असतो, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४. मायक्रो बोर्ड मोठ्या कॅबिनेटात बसतो, मोठा बोर्ड लहानात बसत नाही. गावातल्या सेवा केंद्रांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत शहरातल्या ऑफिसांतून निघालेले जुने ब्रँडेड पीसी पुष्कळ दिसतात. त्यातल्या अनेकांचा बोर्ड, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि बटणाची वायर कंपनीच्या स्वतःच्या मापाची असते. बोर्डाचा मुख्य कनेक्टर २४ पिनांचा नसून ६ किंवा ८ पिनांचा दिसला, तर बाजारातलं साधं कॅबिनेट त्याला आणू नका. उंच हीटसिंक (प्रोसेसर गार ठेवणारा धातूचा ठोकळा) किंवा लांब ग्राफिक्स कार्ड असेल, तर नव्या कॅबिनेटाच्या माहितीत दिलेली कमाल उंची आणि लांबी ताडून बघा.

खोलताना आधी वायर काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. प्रत्येक जोडणीचा मोबाइलवर फोटो घ्या. स्क्रू दोन वाट्यांत वेगळे ठेवा: जाड आट्यांचे एसएमपीएस आणि ३.५ इंची हार्डडिस्कचे, बारीक आट्यांचे २.५ इंची एसएसडी आणि डीव्हीडी ड्राइव्हचे. बोटांनी दोन-तीन फेरे सहज फिरला नाही तर तो स्क्रू त्या जागेचा नाही. पेचकसाने रेटला की आटे कायमचे जातात.

बोर्ड बाहेर आहे तोवर धूळ काढून घ्या. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नका, त्याच्या हवेत पाणी आणि तेल येतं. हातातला ब्लोअर चालतो, पण प्रत्येक पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो हवेने प्रमाणाबाहेर फिरतो. हीटसिंकखालची पेस्ट चार-पाच वर्षांची असेल तर याच वेळी बदला: जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध तुरीच्या एका दाण्याएवढी नवी. ज्या प्रोसेसरच्या पिना खालच्या बाजूला असतात, तिथे हीटसिंक सरळ वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून खोलायला घेण्याआधी पीसी पंधरा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलका फिरवून सोडवा.

बोर्ड मरतात ते बऱ्याचदा स्टँडऑफमुळे. स्टँडऑफ म्हणजे पत्र्यात बसवायचे छोटे पितळी खांब, ज्यांच्यावर बोर्ड पत्र्यापासून उचलून धरला जातो. नव्या कॅबिनेटात ते बहुधा एटीएक्सच्या हिशोबाने लावलेले असतात. त्यावर मायक्रो बोर्ड ठेवला, तर एखादा खांब भोक नसलेल्या जागी खालून टेकतो आणि सोल्डरच्या टोकांना पत्र्याशी जोडून टाकतो. पीसी सुरूच होत नाही, किंवा पंखा क्षणभर फिरून थांबतो. कधी बोर्डच जळतो. यावर उपाय सोपा आहे. कोऱ्या कागदावर बोर्ड ठेवून पेन्सिलीने प्रत्येक भोकाची खूण करा, कागद कॅबिनेटात धरा, जिथे खूण तिथेच खांब. जास्तीचा एकही आत राहू देऊ नका. स्क्रू सगळे अर्धे लावून मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, दाबून पिळू नका.

बोर्ड बसवण्याआधी दोन गोष्टी करायच्या असतात. मागची आयओ पट्टी, म्हणजे पोर्टांभोवतीचा पत्रा, आतून ‘कट’ आवाज येईपर्यंत दाबायची आणि तिच्या पत्र्याच्या जिभा लॅन किंवा यूएसबीच्या तोंडात शिरल्या नाहीत ना, ते बघायचं. दुसरी, प्रोसेसरची ४ किंवा ८ पिनांची वायर वरच्या कोपऱ्यातून आधीच ओवून ठेवायची, नंतर तिथे हात जात नाही. ही वायर राहिली की पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी राहते. एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलींचा, असेल तर केबल त्याच्याच वापरा. दुसऱ्या एसएमपीएसची केबल तोंडाला बसते, पण आतल्या वायरींचा क्रम वेगळा असू शकतो आणि हार्डडिस्क जळते.

समोरच्या बटणाच्या बारीक वायरी बऱ्याच बोर्डांवर अशा लागतात: पिन १ आणि ३ वर हार्डडिस्कचा दिवा, २ आणि ४ वर पॉवरचा दिवा, ५ आणि ७ वर रीसेट, ६ आणि ८ वर पॉवर बटण. तरी बोर्डावर छापलेलं एकदा वाचाच. बटणाला उलटसुलट चालतं, दिव्याला नाही. यूएसबी २.० आणि ऑडिओचे हेडर (बोर्डावरचे पिनांचे गट) दिसायला जुळ्या भावांसारखे. यूएसबीची गायब पिन कोपऱ्यातली असते, ऑडिओची कोपऱ्याच्या एक आतली.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न, हवा आणि धूळ. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना टिनाच्या खोलीत ४० च्या खाली काही उतरत नाही, आणि पीसीतला प्रत्येक भाग त्या ४० च्या वर तापतो. समोर १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढं पुरतं. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्या असतात, तिकडे हवा जाते. हवा आत जास्त घेतली की फटींतून धूळ ओढली जात नाही, फक्त जाळीतून येते. वेचणीचा कापूस ज्या खोलीत भरून ठेवलाय, तिथे मात्र आठवड्यात या जाळीवर पांढरट गादी धरते. बोटाने सोलली तर फडक्यासारखी अखंड निघते. तोवर पंखे नुसते आवाज करतात, हवा आत जातच नाही. दसऱ्यापासून कापूस विकेपर्यंत दर आठ दिवसांनी जाळी धुऊन, पूर्ण वाळवून लावा. सोयाबीनचं थ्रेशर अंगणात लागलं की त्या दिवशी पीसी बंद करून झाका.

कूलरच्या झोतासमोर पीसी ठेवू नका. थेंबांनी धुळीचा चिखल होतो, आणि खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात तर मीठही येतं. कूलरच्या ताट्यांवर जी पांढरी खपली दिसते, तीच बोर्डावर बसते आणि गंज धरते. जमीन सारवलेली असेल तर कॅबिनेट फूटभर उंचावर ठेवा. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढून टाकू नका, पाल आणि उंदीर तिथूनच शिरतात.

झाकण लावण्याआधी एकदा सुरू करा. घड्याळ मागे गेलं असेल तर सीआर २०३२ सेल बदला. तारीख चुकली की फॉर्म भरायच्या वेबसाइट उघडत नाहीत.

नव्या कॅबिनेटाच्या उघड्या स्क्रूला हात लागून झिणझिण्या आल्या, तर दोष बहुधा कॅबिनेटाचा नसतो, अर्थिंग नसते. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे अर्थिंगविना बॉडीवर साधारण निम्मा दाब, ११० व्होल्टच्या आसपास, दिसतो. करंट अगदी थोडा असतो, पण चालू पीसीला प्रिंटर किंवा मॉनिटर जोडताना पोर्ट जाऊ शकतो. मल्टिमीटर एसीच्या ७५० वर ठेवून भिंतीवरच्या बोर्डातल्या सॉकेटवर मोजा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे यायला हवेत. फेज-अर्थ फार कमी किंवा हलता आला तर वायरमनला बोलवा. काळी माती चैत्र-वैशाखात भेगाळली की अर्थिंगचा रॉड मातीपासून सुटतो, तिथे चार-आठ दिवसांनी बादलीभर पाणी ओता. सॉकेटात अर्थ आणि न्यूट्रल एकत्र जोडून ‘काम भागवायला’ कुणी सांगितलं तर ऐकू नका. न्यूट्रल तुटला की अख्ख्या कॅबिनेटावर २३० व्होल्ट येतात.