क्रोमची चमक खालच्या काळ्या रंगात असते

एप्रिलमध्ये एका एकांकिकेसाठी मी बँडमधले ट्रंपेट तयार केले. नळी पीव्हीसी पाइपची, कळा लाकडी दांडीच्या आणि पुढचा कर्णा नरसाळ्यावर फायबर चढवून काढलेला. आकार दोन दिवसांत जमला. त्यावर क्रोमसारखी आरशाची चकाकी आणायला मात्र तीन आठवडे लागले.

बाजारात मिळणारा साधा चंदेरी रंग कितीही जपून मारला, तरी वस्तू पत्र्याच्या डब्यासारखी दिसते, कारण क्रोम हा मुळात रंगच नव्हे. आजूबाजूचे जे दिसते ते परत दाखवणारा तो आरसा असतो. खऱ्या प्लेटिंगमध्येही, म्हणजे धातूच्या मुलाम्यातही, क्रोमियमचा वरचा थर सामान्यतः एका मायक्रॉनपेक्षा पातळ असतो, आणि चकाकी येते ती त्याखालच्या घासून गुळगुळीत केलेल्या धातूमुळे व निकेलच्या थरामुळे. आपल्या रंगकामात निकेलचे हे काम चकचकीत काळा रंग करतो.

म्हणून माझा सर्वाधिक वेळ काळ्यावर गेला. खाचा बुजवणारी लांबी (पुट्टी) भरून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासले, प्रायमर मारला, मग ८०० आणि शेवटी पाण्यासह २००० नंबरचा पेपर फिरवला. त्यावर गाड्यांना मारतात तो दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) काळा रंग दिला आणि किमान दोन दिवस हात लावला नाही. तो कच्चा राहिला, तर क्रोमच्या रंगातले थिनर त्याला खाते आणि चमक मरते. तयारी पुरी झाली की नाही हे ठरवण्याची माझी कसोटी एकच आहे: काळ्या कर्ण्यात ट्यूबलाइटची कड स्वच्छ, न थरथरता उमटली पाहिजे. इथे राहिलेला ओरखडा क्रोम झाकत नाही, उलट ठळक करतो.

क्रोमच्या रंगात ॲल्युमिनियमचे अतिशय पातळ पापुद्रे असतात आणि ते पृष्ठभागावर सपाट निजले तरच आरसा तयार होतो. एअरब्रशचा दाब १५ पीएसआयच्या आसपास ठेवून, विरळ धुक्यासारखे हात एकावर एक द्यावे लागतात. काळा रंग जेमतेम दिसेनासा होताच थांबावे, कारण जास्तीच्या एका हाताने पुन्हा साधी चांदी उरते. सोलापूरच्या उन्हाळ्याने इथेच मला अडवले. पारा चाळिशीच्या वर असताना मी भर दुपारी फवारणी केली, तेव्हा थेंब वस्तूपर्यंत पोहोचण्याआधीच हवेत सुकले आणि कर्ण्यावर राखेसारखी करडी भुकटी बसली. सगळे खरवडून पुन्हा काळ्यापासून सुरुवात करावी लागली. त्यानंतर फवारणीचे काम मी पहाटेच, धूळ बसावी म्हणून फरशी ओली करून आणि पंखा बंद ठेवून केले. मास्क मात्र कोणत्याही वेळी हवाच. पीयूच्या हार्डनरमधील, म्हणजे रंग कडक करणाऱ्या दुसऱ्या घटकातील, आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते, आणि त्यासाठी कापडी रुमाल पुरत नाही.

शेवटचा प्रश्न क्लिअर कोटचा, म्हणजे वरून द्यायच्या पारदर्शक संरक्षक थराचा होता. तो न दिल्यास बोटांनी क्रोम निघते, दिल्यास पापुद्रे हलून आरसा मंदावतो. मी प्लॅस्टिकच्या दोन चमच्यांवर चाचणी घेतली: क्लिअर नसलेल्यात वर्तमानपत्राचा मथळा वाचता येत होता, दुसऱ्यात नुसत्या काळ्या ओळी दिसत होत्या. त्यामुळे नट जिथे धरतो त्या नळीला आणि कळांनाच क्लिअर दिला, कर्णा तसाच उघडा ठेवला, आणि ट्रंपेट उचलताना कर्ण्याला हात लावायचा नाही, एवढे त्याच्याकडून तालमीत पक्के करून घेतले.