आवृत्ती ३: बॅटरीवरचा आरएस-४८५ नोड

आरएस-४८५ म्हणजे एकाच जोडतारेवर अनेक उपकरणांना बोलू देणारी पद्धत. मांडणी अशी: ८ नोड (तारेवरची छोटी उपकरणं), ४० मीटर पिळाची जोडतार, मास्टर (नोडना उत्तर देणारं मुख्य उपकरण) घरच्या विजेवर. प्रत्येक नोडमध्ये ८ मेगाहर्ट्झ क्रिस्टलवर चालणारा एटीमेगा ३२८पी कंट्रोलर, व्होल्टेज ३.३ वर स्थिर ठेवणारा एमसीपी १७०० रेग्युलेटर आणि एए आकाराचा ३.६ व्होल्ट लिथियम थायोनिल क्लोराइड सेल. दर १० मिनिटांनी १२ बाइट पाठवायचे, मग २० मिलिसेकंद उत्तराची वाट पाहायची आणि झोपायचं.

आवृत्ती १ मधलं तयार मॅक्स ४८५ मॉड्यूल (कंट्रोलरला लाइनशी जोडणारी चिप असलेलं बोर्ड) काढून टाकलं आहे. चिप ५ व्होल्टची, तिला शटडाउन (झोपेची सोय) नाही आणि नुसती बसली तरी ३०० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. तरी खरा खादाडपणा तिच्या आजूबाजूला आहे. पॉवर एलईडी एकटाच मिलिअँपिअरच्या वर जातो. डीई (वर असताना पाठवणं चालू करणारी पिन) आणि आरई (खाली असताना ऐकणं चालू करणारी पिन) यांवर १० किलोओहमचे पुलअप, म्हणजे पिन वर धरणारे रोध, आहेत. त्यामुळे गप्प राहण्यासाठी डीई खाली ओढला की अर्धा मिलिअँपिअर कायमचा वाहतो. शिवाय कंट्रोलर रीसेटमध्ये असताना त्याच्या पिना तरंगतात, पुलअप डीईला वर धरतो आणि एक अडलेला नोड सगळी लाइन बंद पाडतो.

आवृत्ती २ मध्ये मॅक्स ३४८५ आली. ३.३ व्होल्ट, शटडाउनमध्ये नॅनोअँपिअर. आता डीईवर १०० किलोओहम पुलडाउन (पिन खाली धरणारा रोध), आरईवर १०० किलोओहम पुलअप. आरई वर आणि डीई खाली असं एकाच वेळी काहीशे नॅनोसेकंद राहिलं की चिप झोपते, म्हणजे रीसेटमध्येही लाइन मोकळी आणि प्रवाह शून्यवत. एक गोष्ट हमखास विसरली जाते: शटडाउनमध्ये आरओ (ऐकलेलं कंट्रोलरला देणारा चिपचा आउटपुट) सुटा राहतो. मग त्याला जोडलेली कंट्रोलरची आरएक्स पिन हवेत तरंगते, बाइट सुरू झाल्याचे खोटे इशारे (स्टार्ट बिट) येतात आणि इनपुट बफर उगाच प्रवाह खातो. त्या पिनेचा आतला पुलअप चालू ठेवा. आरओ सुटा असल्याने झोपेत त्याचा खर्च नाही.

या आवृत्तीचा अडसर होता टर्मिनेशन, म्हणजे सिग्नल टोकावरून परावर्तित होऊ नये म्हणून लाइनच्या टोकांना लावलेले रोध. दोन टोकांचे १२० ओहम मिळून ६० ओहम होतात, म्हणजे बोलताना ३० मिलिअँपिअरच्या आसपास. हा सेल असे झटके सहन करत नाही. बराच काळ पडून राहिला असेल तर आतल्या पॅसिव्हेशन थरामुळे (लिथियमवर साचणारा, प्रवाह अडवणारा थर) व्होल्टेज आणखी कोसळतं. समांतर ४७० मायक्रोफॅरड इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावणं हा नेहमीचा उपाय. पण ६.३ व्होल्टच्या साध्या कपॅसिटरची गळतीची मर्यादाच ३० मायक्रोअँपिअरजवळ असते. प्रत्यक्षात गळती कमी निघते, पण त्या भरवशावर हिशेब मांडता येत नाही.

म्हणून आवृत्ती ३ मध्ये टर्मिनेशनच काढलं. ४० मीटरला सिग्नल एका बाजूला सुमारे २०० नॅनोसेकंद घेतो, ३८,४०० बॉडला (सेकंदाला इतके बिट) एक बिट २६ मायक्रोसेकंदांचा. परावर्तनं बिटाच्या मध्याआधी विरून जातात. चिप मात्र मॅक्स ३४८३ घेतली: पिना त्याच, पण सिग्नलच्या कडा मुद्दाम मंद केलेल्या. बायसचे रोध (कोणी बोलत नसताना लाइन ठरावीक स्थितीत धरणारे) फक्त मास्टरकडे, तिथे वीज मोजावी लागत नाही.

बॉड रेट ३८,४०० का? ८ मेगाहर्ट्झवर, दुप्पट वेगाच्या मोडमध्ये, ५७,६०० ला २.१ टक्के आणि १,१५,२०० ला ३.५ टक्के चूक येते, ३८,४०० ला फक्त ०.२. १२ बाइट ३.१ मिलिसेकंदांत जातात. डीई खाली आणण्याआधी टीएक्ससी फ्लॅगची (शेवटचा बिट गेल्याची खूण) वाट पाहा. यूडीआरई (फक्त बफर रिकामा झाल्याची खूण) पाहून घाई केली तर शेवटचा बाइट अर्धवट कापला जातो आणि दोष उगाच केबलला दिला जातो.

झोपेचा हिशेब: वॉचडॉगसह (ठरावीक वेळाने उठवणारा आतला टायमर) कंट्रोलर ४.२, रेग्युलेटर १.६, मिळून ६ मायक्रोअँपिअरच्या आत. ब्राउनआउट डिटेक्टर (व्होल्टेज घसरलं की रीसेट करणारा भाग) झोपेत चालू राहिला तर त्यात २० च्या आसपास भर पडते, म्हणून झोपेआधी तो बंद. मोजताना मीटर मायक्रोअँपिअर रेंजवर असेल तर नोड जागा होताच मीटरमधल्या रोधावर व्होल्टेज पडून रीसेट होतो. जागेपणी जंपरने मीटर शॉर्ट करा, झोपल्यावर काढा.

उरलेली अडचण वॉचडॉगची. तो ८ सेकंदांपलीकडे जात नाही, म्हणजे १० मिनिटांत ७५ वेळा उठणं, आणि त्या उठण्यांचा खर्च पाठवण्याहून कमी नाही. कंट्रोलरच्या टायमर २ ला घड्याळाचा क्रिस्टल जोडता येत नाही, कारण त्या पिना ८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलने अडवल्या आहेत. आवृत्ती ४ साठी टीपीएल ५०१० टायमर चिप ठरली आहे. तिचा वेळ एका रोधाने ठरतो, पण प्रत्येक जागरणानंतर डन पिनेवर पल्स द्यावाच लागतो, नाहीतर ती कंट्रोलरला रीसेट करते.